आयला पाठवलेली पाखरं

४ मार्च १९७९, उलवे

वही घेऊन आठ दिवस झाले, लिहायचं मात्र उद्यावर ढकलत आलो. आठवी नापास माणसाला कोरी वहीसुद्धा मास्तरासारखी वाटते. तर, पोचलो. जमीन मोजणाऱ्या साहेबांची साखळी धरायचं काम आहे. याआधी पनवेलच्या स्टुडिओत चार महिने टिकलो, तोच माझा विक्रम. निघताना तिथल्या मालकाने जुना डबा कॅमेरा दिला आणि फोटो धुऊन देईन म्हणाला. खोली सखूमावशीकडे. परसात शेवगा आहे, त्यावर दयाळ, बुलबुल, कधी खाडीवरून आलेला खंड्या. नुसती जत्रा. सकाळी साखळी विसरून त्यांच्याच मागे लागलो, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

७ मार्च

आमच्या गावी, मोऱ्याला, पटकीची साथ आलीय. लाँच बंद. आत जायला कुणी अडवत नाही, पण गेलेल्याला पंधरा दिवस बाहेर सोडत नाहीत. आय तिथे एकटी. गेलो तर काम जाईल. तिला वाचता येत नाही, म्हणून परसातल्या पाखरांचे फोटो पाठवले. गोटीराम होडीवाला पुडकं धक्क्याच्या दगडावर ठेवतो आणि लांब होऊन हाक मारतो. आय बरी असली की लुगड्याच्या चिंधीत एक सुका बोंबील बांधून ठेवणार, असं ठरलंय.

९ मार्च

बोंबील आला. गोटीरामला तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "पाखरं बघितली म्हनावं. त्यात तू कुठं हाय?"

काम गेलं तर गेलं, रविवारी येतो, असा निरोप धाडला.

११ मार्च, रविवार

निघणारच होतो. पिशवी भरली होती. तेवढ्यात शेवग्यावर हळद्याची जोडी आली. ती काही एका जागी ठरेना, ऊन चढलं. मग कावळे तरी टिपू म्हणून केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला. ते लगेच तुटून पडले, झकास फोटो मिळाला. सखूमावशी भडकली. म्हणाली, "मेल्या, घरान कुनी मेलंय काय? जित्या मानसाचे मागं कावल्याला पान ठेवतास?" मी हसलो. मोऱ्याला पुढच्या रविवारी.

१३ मार्च

गोटीरामने दगडाजवळून तीनदा हाक मारली म्हणे. कुणी आलं नाही. बोंबील नाही.

भात ठेवला. कावळे आले, बसले, एकही शिवला नाही. भिंगातून बघितलं तर पानाकडे नाही, सगळे माझ्या पाठीमागे बघत होते. मागे दार. दारात कुणी नाही.

१४ मार्च

आजही शिवेनात. सखूमावशी हळूच म्हणाली, कुणाचं तरी मन अडकलंय, काय पाहिजे ते कबूल कर, मग शिवतील. मला माहीत होतं कुणाला काय पाहिजे. मी येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण पंधरा दिवस— काम— आणि हसू आलं, नेहमीसारखं. म्हणालो, "आय, मला जमत नाही गं. तूच ये."

तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत एकाने घास उचलला.

१५ मार्च

गोटीराम आला. होडीतून उतरलाच नाही.

आय मंगळवारी पहाटे गेली. तेराला. काल मी जिला 'ये' म्हणालो ती—

फोटो तिच्या मुठीत होते. बोटं उघडेनात, म्हणून तसेच सरणावर ठेवले.

मंगळवारी मी इथे भात शिजवत होतो. अर्ध्या दिवसाची वाट होती, आय. अर्धा दिवस फक्त.

दुपार

सखूमावशीला सांगितलं नाही अजून. ती शेतावर होती. आत्ता आली वाटतं, पुढच्या दारी कुणाशी तरी बोलतेय. मी परसात. आज भात ठेवलेला नाही, तरी कावळे आलेत. गप्प आहेत.

मावशी हाका मारतेय. "किसना, अरं तुझी आय आलीय मोऱ्याशी. हातान पाखरांचे फोटो हायत. आंगाला कसला धुराचा वास येतंय रं तिचे."

आत घेतलं तिला. पावलं माजघरात—

मावशीला विचारतेय, यात माझा पोर कुठं—

दार माझ्या पाठीमागे आहे. कावळे सगळे तिकडेच—