कॅप्टन ऑगस्टचा दुसरा बूट

प्रिय टॅड,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, तुला त्यातलं काय कळतंय? तू आपली अधूनमधून वाचणारी." म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, कागदावर शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. हो, आहे मी अधूनमधून वाचणारी. दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत, तुला ताप असताना तुझ्या उशाशी बसून, जे हाती लागलं ते कॉमिक मी वाचलं. कोण कितव्या अंकात मेला आणि कितव्यात परत आला, ते मला विचारू नकोस. पण तुझ्या कंपनीने दुकानांच्या काचांवर काय चिकटवलंय? "सगळं पुन्हा पहिल्या अंकापासून! कधीच वाचलं नसेल तर इथून सुरुवात करा!" म्हणजे आमंत्रण मलाच आहे. पाहुण्याला जेवायला बोलवायचं, आणि तो मीठ कमी आहे म्हणाला की तुला काय कळतं म्हणून गप्प करायचं, हे आपल्या घरात कधी चाललं नाही.

आणि चिडलेल्या वाचकांना शांत करायला तीच कंपनी शनिवारी शिकागोच्या संमेलनात तुला व्यासपीठावर उभं करून माफी मागायला लावणार. कशाबद्दल, तर तू लिहितोस आणि रेखाटतोस त्या उडत्या वीराला, कॅप्टन ऑगस्टला, म्हातारा केल्याबद्दल. चौथ्या अंकापासून तो पुन्हा बत्तीस वर्षांचा होणार, हेही तुझ्याच तोंडून वदवणार. त्यावर तू म्हणालास, "बघू." तुझ्या "बघू"चा अर्थ मी तू चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते. बघू म्हणजे हो.

म्हणून बुधवारी, नवे अंक येतात त्या दिवशी, हार्लनच्या कॉमिकच्या दुकानात गेले. कॅप्टन ऑगस्टच्या नव्या मालिकेचे पाच पहिले अंक मांडलेले होते. एकावर तो उडतोय, एकावर पाठमोरा, एकावर नुसता त्याचा अंगरखा. मला वाटलं, पाच गोष्टी आहेत. पाचही घेतले, समोरच्या कॉफीच्या टपरीत बसून वाचायला लागले. दुसरा उघडला, तर पुन्हा तेच छप्पर, तोच पाऊस. तिसऱ्यातही तेच! परत गेले तर हार्लन हसून हसून स्टुलावर बसला. "बर्नडीन, अगं आत सगळं एकच आहे. फक्त मुखपृष्ठं वेगळी!" मी म्हटलं, "आणि लोक पाचही घेतात?" म्हणाला, "घेतात म्हणजे? भांडून घेतात." टॅड, काचेच्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहून मी आयुष्यभर मालकांविरुद्ध भाषणं ठोकली, पण एकच बाटली पाच वेळा विकायची छाती त्या मालकांचीही झाली नव्हती.

मग कॅप्टनचा दुसरा अंक आणि बाकीच्या नव्या मालिकाही घेतल्या आणि पुन्हा टपरीत जाऊन चाळल्या. मुखवटा घालावा की नाही यावर तुमचा एक वीर अख्खा अंकभर स्वतःशी बोलतो. अरे बाबा, घाल नाहीतर घालू नकोस, खाली बँक लुटतायत! आणि त्या दुसऱ्या वीराच्या बिचाऱ्या आईबापांनी काय घोडं मारलंय तुमचं? मालिका नव्याने सुरू झाली की त्यांना पुन्हा त्याच गल्लीत नेऊन पुन्हा मारायचं. त्यांना एकदा तरी सुखाने सिनेमा बघून घरी येऊ द्या. याला तुम्ही नवी सुरुवात म्हणता. मी म्हणते, जुनंच दुकान, नुसती पाटी रंगवलेली.

आता तुझं. उगाच कौतुक करणार नाही. तुझा खलनायक भिकार आहे, विमा विकायला आल्यासारखा बोलतो. रात्रीची चित्रं इतकी काळी की मी अंक खिडकीशी नेऊन धरला. पण दुसऱ्या अंकातलं ते पान, ज्यावर एकही शब्द नाही. कॅप्टन पलंगाच्या कडेवर बसलाय. एक बूट घातलेला, दुसरा हातात. हात गुडघ्यावर, मान खाली. छातीत श्वास भरेपर्यंत तो थांबतो. मग दुसरा बूट घालतो आणि जिना चढून गच्चीवर जातो, कारण जमिनीवरून उडी घेणं आता त्याला जमत नाही. त्या पानापाशी माझी कॉफी निवली.

ते पान वाचून मी पुन्हा दुकानात गेले, तर गल्ल्यापाशी एक धिप्पाड माणूस तावातावाने तुझ्या नावाने खडे फोडत होता. नाव ड्वेन, वय पन्नाशीचं, अंगात कॅप्टन ऑगस्टचा आखूड झालेला बनियन. "सत्यानाश केला! माझ्या लहानपणाचा सत्यानाश!" मी विचारलं, "दुसरा अंक वाचलास?" तो म्हणाला, "आजीबाई, मी पहिल्या दिवशी घेतलाय." म्हटलं, "ते नाही विचारलं. वाचलास का?" त्याने पिशवीतून अंक काढला. प्लास्टिकच्या पाकिटात, मागे पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. एकदाही उघडलेला नाही! त्याने दोन घेतले होते, एक जपायला आणि एक वाचायला, आणि रागाच्या भरात वाचायचा तो फेकून दिला होता. "मला सगळं माहीत आहे," म्हणाला, "इंटरनेटवर आलंय."

मग काय, मी फाटकावरची झाले. म्हटलं, "न उघडलेल्या पुस्तकाबद्दल माझा पोरगा माफी मागणार? फाड ती पट्टी!" तो म्हणाला, "बाई, किंमत जाईल त्याची!" मी म्हटलं, "तुझ्या शब्दाची आत्ताच गेलीय. फाड!" हार्लनने हळूच कात्री पुढे सरकवली.

ड्वेनने उभ्या उभ्या वाचलं. त्या पानापाशी थांबला, एक पान मागे गेला, परत आला. बनियनने नाक पुसलं आणि म्हणाला, "खलनायक मात्र भिकार आहे." मी म्हटलं, "तेच सांगतेय मी केव्हाची!" त्याचं मत बदललं असं समजू नकोस. त्याला अजूनही तरुण कॅप्टनच हवा. पण माफीचं सांगितलं तर उखडलाच, "माफी कशाला? भांडू की आम्ही! त्याने माफी मागितली तर भांडायचं कुणाशी?" कंपनीला हा माणूस कळलेला नाही, टॅड. बहुतेक तुलाही नाही.

या पाकिटावर टपालाचं तिकीट नाही, हे तुला दिसलं असेल. हे मी स्वतः तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवलं. टोलेडोहून शिकागोपर्यंत ड्वेनने गाडी चालवली आणि वाटभर माझ्याशी वाद घातला. प्रश्न विचारायला सभागृहात माईक ठेवतात ना, त्या रांगेत उद्या पहिली मी असेन, माझ्यामागे तो. तुला वाटत असेल, तू दाराआडून बघत होतास ते मला माहीत नव्हतं. त्या पानातला पलंग माझा आहे, टॅड. काचेच्या धुळीने छाती भरलेला तुझा बाप, माझा कॅझिमिर, शेवटच्या वर्षी रोज सकाळी त्याच कडेवर बसायचा, एक बूट पायात, दुसरा हातात. मी मदतीला पुढे झाले की म्हणायचा, "थांब गं, येतोय." आणि यायचा. संपाच्या फाटकावर सगळ्यांत शेवटी पोचायचा, पण एक दिवस चुकला नाही. चौथ्या अंकात कॅप्टनला तरुण करायचा हुकूम कंपनीने काढला तर काढू दे, मालक तेच आहेत. पण ते पान रेखाटलं म्हणून माफी मागू नकोस. मागितलीस, तर माईकवरून सगळ्यांसमोर मी एकच विचारणार आहे: कॅझिमिरने नक्की कोणाचं काय बिघडवलं होतं? नाही मागितलीस, तर खलनायकाबद्दल विचारीन. त्याचं उत्तर मात्र तयार ठेव.

पहिल्या रांगेतून तुझ्याकडे बघणारी,
तुझीच,
आई