हातावरची वाकडी रेघ

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पालथं होऊ देत नाहीत, म्हणून उताणाच घातलाय. गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून सगळ्या बिल्डिंगला जागवतात? मी हॉस्पिटलात आहे, पण मजेत आहे. उगाच धावत येऊ नकोस. फोनवर तू रडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र मेव्हण्याच्या हाती देतोय. तो आजच तिकडे निघालाय.

तर झालं असं, की पायातला जोड बंद पडला. मागे मांडीतली रक्तवाहिनी तुंबली तेव्हा माझ्याच पायाची शीर काढून बाहेरून वळसा दिला होता ना, तो वळसाही तुंबला. पाऊल गार पडतं, अंगठा निळसर झालाय, आणि शिलाई मशीनचं पायडल जरा मारलं की पोटरी अशी आवळते, की तोंडातून तुझ्या माहेरचा उद्धार होतो (म्हणजे आपल्याच घराचा). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायपास पुन्हा करायची, या वेळी हाताची शीर घेऊन; उशीर केला तर पाऊल वाचेलच असं नाही. इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मी "बरं" म्हणून मोकळा झालो. बाहेर आल्यावर मात्र हातपाय गळाले. (एक आधीच गळालेला होता म्हणा.)

जन्म गेला लोकांचे कपडे उसवून शिवण्यात. त्याच जागी दुसऱ्यांदा उसवलं की कापड विरायला लागतं, हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. बाईंना मात्र विचारलं. म्हणाल्या, "अवघड असतं, पण करतो आम्ही." अगं, हे तर माझं वाक्य! गिऱ्हाईक अगदीच रडकुंडीला आलं की मी हेच सांगतो.

काल संध्याकाळी त्यांनी सोनोग्राफीचं मशीन फिरवून हातातली शीर शोधली आणि मनगटापासून दंडापर्यंत पेनाने रेघ मारली. ऑपरेशन आज सकाळी होतं. बाई गेल्या आणि मी रेघ पाहिली. वाकडी! अशी रेघ मी बाहीवर मारली असती तर बाबांनी गजाने हाणलं असतं. राहवेना. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि उशाखालची टेप धरून सरळसोट मारून दिली. सकाळी बाईंनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे पाहिलं. "काका, शीर वाकडीच असते हो." पुन्हा शीर शोधेपर्यंत थिएटर दुसऱ्या पेशंटला गेलं, आणि आमचं ऑपरेशन सोमवारवर. आमची ही तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझ्याबद्दल सिस्टरशी बोलते, तेही मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाचीचा ब्लाउज शिवून झालाय. फक्त हुक राहिलेत. तुला लावता येतात.

आणखी ता. क. ताई, इतकी वर्षं माणसांचे हात मापतोय, शीर सरळ नसते हे मला कळत नाही होय? आज झालं असतं तर तुला कळायच्या आत मला आत नेलं असतं. मागच्या वेळी थिएटरच्या दारापर्यंत तू माझं पाऊल धरून चालत होतीस. मला फार भीती वाटतेय गं. सोमवारच्या आत ये. कंबर दुखत असली तर दुखतीच घेऊन ये.