उंदराचं वजन

मुठा, ता. मुळशी

ताईस सप्रेम नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं. इथे पैदाशीसाठी पाळलेले परदेशी अजगर कुत्र्यापेक्षा गरीब असतात, एवढं आईला नक्की सांग.

एका मादीची मात्र काळजी वाटते. तिचं अंडी घालायचं वय झालंय, पण ती अंगानं भरलेली नाही. अंड्यांच्या दिवसांत मादी खात नाही. अंगात साठा नसला तर मरते, म्हणून ठरलेलं वजन भरल्याशिवाय तिला नराजवळ सोडायचं नसतं. आमच्या मालकांनी, विश्रामशेठनी काय करावं? तिला उंदीर चारला आणि लगेच काट्यावर ठेवलं!

"हे वजन तिचं नाही, उंदराचं आहे!" मी ओरडलोच.

"काटा भरला ना? लई शानपना करू नको. कालेज सोडून आलायस, डाक्टर न्हाईस तू," म्हणाले, आणि तिला नराजवळ सोडलं.

आणखी बोललो असतो तर मला हाकललं असतं, मग तिला बघणारं कोणी नाही.

माझ्या वर्गातल्या जान्हवीला अजून शिकायचंय ना गं? तरी पाहुणे बघायला येतात म्हणे. एकदा तिच्याकडे जाऊन ये. तिच्या घरच्यांपुढे माझं नाव काढू नकोस.

आईला सांग, मी हल्ली भांडत नाही. तिला बरं वाटेल.

तुझा,
प्रणित