घराभोवतीची बोडी

बा, तुझ्या नातवानं, माझ्या पोरानं, गोंदियात घर बांधलं आणि घराखाली खोली खोदली. तू असतास तर म्हणाला असतास, धानाच्या बांधीत खड्डा केला तर पाणी भरणारच, त्यात इंजिनेराले कायले विचारता? पण प्लॉट लहान, आणि माझ्या सुनेला शिलाईचा क्लास काढायचा होता. मशिनी खाली मांडल्या, मोहल्ल्यातल्या बाया येऊ लागल्या. पावसाळ्यात भिंती पाझरल्या. बाया लुगडी वर धरून पायडल मारत होत्या. सून म्हणाली, पुढच्या साली असंच झालं तर क्लास बंद करते. रडली नाही. रडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. मला जन्मात स्वतःचं असं काम मिळालं नाही, तिचं कसं बुडू देऊ?

मग माझी अक्कल चालली. आपण तलाव बांधणारी माणसं, पाणी म्हटलं की आपल्याला चिकणमाती सुचते. भिंतीला लागून बाहेरून खोदायला लावलं, गावच्या तलावातली काळी माती आणवली आणि तू तलावाच्या बांधावर, पाळीवर करायचास तशी थरावर थर ओली करून ठोकून घेतली. काठी टेकून मी स्वतः उभी होते. पोरगा गुमान ऐकत होता. मी चुकते तेव्हाच तो ऐकतो.

पुढचा पाऊस आला आणि पाणी दुप्पट शिरलं. सून बादली घेऊन पायरीवर बसली.

"आई, छपराचं पाणी तिथंच पडते, आन तुमी त्याले मातीनं अडवून ठेवलं. घराभोवती तळ्यावानी बोडीच बांधली तुमी."

असा राग आला मला. पण बोडी म्हटलं आणि तू आठवलास. मी लहान आहे, तलाव तुडुंब आहे, आणि सांडव्याच्या तोंडाला आम्ही पोरं दगड-चिखल लावून मासे धरून राहिलो. तू पाळीवरून उतरतोस, फावड्यानं सगळं फोडतोस. मासे जातात, मी भोकाड पसरते.

"सांडवा बुजवशीन त पाळ फुटन. पाणी अडव, पण त्याची वाट आधी ठेव."

माती काढली. सुनेनंच मिस्त्रीच्या मागं लागून करून घेतलं: भिंतीला बाहेरून डांबर, खाली फरशीच्याही खालच्या पातळीला भोकांचा पाइप, भोवती गिट्टी, उतार थेट नालीकडे. छपराचं पाणीही दूर नेलं. यंदा झड लागली तरी भिंत कोरडी. या घडीला खाली बाया हुकावरून भांडून राहिल्या आहेत, वरपर्यंत ऐकू येतं.

सून हुशार आहे, बा. तुला सांगितलं, तिला अजून नाही. तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघतं. हा कागद तिच्या कटिंगचा आहे, उद्या त्यावर बाही आखेल. तुझ्याकडे तर काही जात नाही, तिच्याच टेबलावर ठेवते. लिहिलेली बाजू वर.