देश म्हणजे गाव, बाई

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात तुमच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही, आणि तो काही गरीब गाय नाही. तुमच्या हाताखालून इतकी पोरं गेली की माझी आठवण तुम्हाला राहिली होती का, कोण जाणे, म्हणून आधी ओळख देते. मी ती गवंड्याची मुलगी. बंगालातून आलेली, तिसरीत तुमच्या वर्गात येऊन बसले तेव्हा "मी जातो, मी खातो" म्हणणारी. "अगं, पोरीच्या जातीनं जातो काय म्हणतीस? जाते म्हण," असं तुम्ही खडसावलंत आणि सगळा वर्ग हसला. मला रडू आलं. पण शाळा सुटल्यावर तुम्हीच माझं बोट धरून मला घरी नेलंत, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात माझी दुसरी शाळा भरायला लागली.

तुम्ही भाकरी थापता थापता मला ळ शिकवत होतात. आमच्या भाषेत ळ नाही. मी शाळेला शाला म्हणायची, फळ्याला फला. "जीभ वर वळव, टाळूला लाव आन् सोड," तुम्ही म्हणायचात. "म्हण, बाभळीखाली काळी शेळी." मी म्हणायची, बाभलीखाली काली शेली. तुम्ही पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून हसायचात, पण सोडायचा नाहीत. ती शेळी ज्या दिवशी माझ्या तोंडून नीट बाहेर पडली त्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात आणि म्हणालात, "झालं बघ. जिला ळ आला ती आपली. आता तुला कुणी परकी म्हणायचं न्हाई." मी ते खरं मानलं. का मानू नये? अख्ख्या शिरूर-घोडनदी गावात तुमच्या शब्दाला किंमत होती. अम्मी घरी बंगालीत काही बोलली तरी मी मराठीत उत्तर द्यायचे, इतकी मी तुमची झाले होते.

त्याच वर्षी सुट्टी लागायच्या आधी तुम्ही वर्गात विचारलंत, कोण कोण कुठं जाणार. कुणी मामाकडं कवठ्याला, कुणी आत्याकडं वरवंडला. मी उभी राहून म्हणाले, "मी देशात जाणार." झालं! "मग आत्ता काय परदेशात हाईस व्हय गं?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, आणि तुम्हीही हसलात. अब्बा तेव्हा तुमच्याकडं स्वयंपाकघरातल्या ओट्याचं काम करत होते. संध्याकाळी चहा देताना तुम्ही त्यांना विचारलंत, "मिस्त्री, पोरगी देशात जायचं म्हणती, म्हंजी कुठं वो?" अब्बांनी थापी खाली ठेवली. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मोडक्या मराठीत सांगितलं, की आमच्यात गावालाच देश म्हणतात. जिथं बापदादांच्या कबरी, तो देश. तिथून कोलकात्याला गेला तरी माणूस म्हणतो, परदेशात आहे. तुम्ही कपाळावर हात मारलात. "अगंबाई! म्हंजी आमच्यासारखंच की. कोकणातली माणसं आम्हाला देशावरची म्हणत्यात. देश म्हंजी काय एकच असतो व्हय!"

मग तुम्ही विचारलंत, एवढा देश देश करता, तर सोडला कशाला? अब्बा म्हणाले, नदीनं घेतला. आधी शेत गेलं, मग आंब्याची झाडं, मग चूल. नदी पुढं आली की आम्ही घर मागं न्यायचो. मागं न्यायला जागा उरली नाही तेव्हा गाडीत बसलो. तुम्ही त्यांच्या कपात आणखी चहा ओतलात. मग म्हणालात, "आमच्याकडची माणसं पाणी न्हाई म्हणून गाव सोडत्यात, आन् तुमची पाण्यापायी." दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही सगळ्यांना बंगालातला देश म्हणजे काय ते समजावलंत, आणि मला हसणाऱ्या पोराला उभं करून माफी मागायला लावलीत. हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगते आहे ते उगाच नाही. तुम्हाला ठाऊक होतं, बाई. वर्गातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

मी सातवीत गेले त्या वर्षी गावात बोलणं सुरू झालं, की सरहद्दीपलीकडची माणसं मजूर म्हणून घुसली आहेत. एक दिवस सकाळी पोलीस बांधकामावर आले आणि अब्बांना आणि आणखी काही जणांना गाडीत घालून घेऊन गेले. कुठून आलास, असं विचारल्यावर अब्बांनी जे जन्मभर सांगितलं तेच सांगितलं, "अपने देश से." आता पोलिसाला आणखी काय पाहिजे? स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय! मतदानाचं कार्ड भाड्याच्या खोलीत हरवेल म्हणून त्यांनी ते तिकडं, गावी राहिलेल्या काकांकडं ठेवलेलं. आपल्या बंगालातलं मुर्शिदाबाद म्हणाले, तर हवालदार म्हणाला, सगळे तेच सांगतात. शेवटी अब्बा म्हणाले, शाळेच्या बाईंना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे. बरोबरच्या एका मजुराला सोडून दिलं होतं, त्यानं पळत येऊन हे आम्हाला सांगितलं. अम्मीनं मला तुमच्याकडं पिटाळलं.

मी तुमच्या ओट्याशी उभी आहे. धाप लागलेली. तुम्ही म्हणता, "बस, पाणी पी, मी सांगते त्यांना," आणि तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबते. तुम्ही बाहेर जाता. मला दारातून तुमची पाठ दिसते आणि हवालदाराचं तोंड दिसतं. तो काही वाईट बोलत नाही. उलट अदबीनं विचारतो, "बाई, तो मिस्त्री तुमचं नाव सांगतोय. कुठला हाय तो? तुम्ही आपल्यातला म्हणला तर आत्ता सोडतो. पण उद्या काय निघालं, तर साहेब तुम्हाला विचारणार, बरं का." तुम्ही पदर खांद्यावर ओढून घेता. मी मनात म्हणते, सांगा, बाई. देश म्हणजे गाव, एवढंच सांगायचं आहे. आणि तुम्ही म्हणता, "देशातनं आलोय असं म्हणतो खरं. त्याचा देश कुठला, ते मी कशाला विचारू, भाऊ? माझा वटा बांधला, एवढीच काय ती वळख."

मग तुम्ही आत आलात. माझ्याकडं बघितलं नाहीत. बशीत पोहे काढून माझ्यापुढं ठेवलेत आणि म्हणालात, "खा. चौकशी करत्यात आन् सोडत्यात." आणि मी खाल्ले, बाई. भूक लागली होती आणि तुम्ही दिले होते म्हणून खाल्ले. त्याचा मला आजही राग येतो, पण तो माझा नाही, तुमचा येतो. उघड खोटं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. अब्बांचाच शब्द उचललात, त्यातला अर्थ काढून घेतलात आणि टरफल हवालदाराच्या हातावर ठेवलंत. भाषा शिकवणाऱ्या बाईनं हे करावं? अडाणी माणसानं केलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याला कळलं नाही.

त्यांनी सोडलं नाही. अब्बांना गाडीत बसवून पार सरहद्दीजवळच्या ठाण्यात नेलं. काका कार्ड घेऊन तिथं पोचेपर्यंत त्यांना अशा माणसांत ठेवलं होतं, ज्यांना खरोखर पलीकडं पाठवायचं होतं. सुटल्यावर ते तिथूनच गावी गेले, नदीच्या बांधावरच्या काकांच्या पत्र्याच्या घरात. अम्मीनं कितीदा सांगून पाठवलं, आता या, आता कुणी विचारत नाही. ते आले नाहीत. म्हणाले, ज्या मातीत मी एवढी घरं उभी केली तिथं मला चोरासारखं गाडीत घातलं, आता त्या मातीला मी पाय लावणार नाही. अम्मी मला घेऊन दौंडला आली, कारण दौंड रेल्वेचं गाव, तिथं निम्मे लोक बाहेरचेच. बाप जिवंत असून मी बापावाचून वाढले. माझ्या लग्नाला ते नव्हते.

आणि गंमत ऐका. अब्बांच्या टोळीत एक जण खरंच पलीकडचा होता. तोही नदीनंच उठवलेला, तीच नदी, फक्त दुसरा काठ. त्याला पोलिसांनी दोन प्रश्न विचारून सोडून दिलं. तोच, पळत येऊन आम्हाला निरोप देणारा. त्याला काय बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं. तो कधी चुकूनही देश म्हणायचा नाही. "गावाकडनं आलोय साहेब," असं मराठीत म्हणायचा. अब्बांना लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते बिनधास्त देश म्हणत राहिले. त्या माणसाचा मला राग नाही. घर पाण्यात गेल्यावर कुठला काठ आपला, हे बघत बसायला कुणाला सवड असते?

तुम्ही गेल्याचं मला शिरूरच्या स्टँडवर वर्गातली एक मैत्रीण भेटली तिनं सांगितलं. म्हणाली, बाईंचा मुलगा मातीला आला नाही. परदेशात शिकायला गेला, शिक्षण संपलं, व्हिसा संपला, तरी तिथंच राहिलाय. एकदा बाहेर पडला की परत घेणार नाहीत, म्हणून आईचं तोंड त्यानं फोनवर पाहिलं. मला वाईट वाटलं म्हणू का? वाटलं. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते चांगलं नव्हतं. तुम्ही असता तर मी विचारलं असतं, तिथं त्याच्या दारात पोलीस आला आणि शेजारणीला विचारलं, हा कुठला, तर तिनं काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?

इतकी वर्षं मी तुम्हाला अर्धी माफी देऊन ठेवली होती. म्हणायचे, त्या बाईमाणसाला किती भीती वाटली असेल. वर्दीपुढं जीभ उचलत नाही. आता मी वरवंडला हायवेवर खानावळ चालवते. मागच्या महिन्यात साध्या कपड्यातले दोन पोलीस आले. माझ्याकडं जेवायला येणारे बंगालातल्या मालद्याचे गवंडी बसले होते. कुठले रे, असं विचारल्यावर त्यातला एक भाकरी मोडता मोडता म्हणाला, "देश से आया, साहब." मी भाकरीच्या परातीपुढून उठले आणि म्हणाले, "साहेब, ह्यांच्यात देश म्हंजी गाव. आपण न्हाई का म्हणत, गावाला चाललो? त्यातलं हाय ते." साहेब हसला. "असं व्हय!" म्हणाला. कार्डं दाखवा म्हणाला, त्यांनी दाखवली, आणि तो ताकाचा पेला पिऊन निघून गेला. जाताना मला विचारलं, ताई तुम्ही कुठल्या, मी म्हणाले शिरूरची, आणि त्यानं मान हलवली. बस्स. तव्यावरची भाकरी करपलीसुद्धा नाही. एवढंसंच वाक्य होतं, बाई! ते म्हणायला डोंगर उचलावा लागतो असं मी समजत होते. त्या दिवशी ती अर्धी माफी मी परत घेतली. तेच सांगायला हे लिहायला बसले, आणि आता कुणाला धाडू? ठेवून देते झालं.

अब्बा आहेत अजून. डोळे अधू झालेत, फोनवर मोठ्यानं बोलतात. तुम्ही गेल्याचं मी कळवलं तेव्हा ते रडले. नमाजात तुमचं नाव घेतात म्हणे. त्या दिवसाची गोष्ट निघाली की एकच सांगतात, तो हवालदार आळशी होता, बाईंकडं गेलाच नसणार. गेला असता तर बाईंनी सांगितलं असतं. आणि मी, ओट्याशी उभी राहून सगळं ऐकलेली मी, दर वेळी म्हणते, हो अब्बा, गेलाच नसेल.