फार्लीच्या तीन पकडी

हार्लन फॉल्स, आयोवा
४ ऑक्टोबर १९०८

ती. रॅग्नाताईस हाल्वरचा सा. न. वि. वि.

फुटबॉलच्या मोसमातला पहिला सामना जिंकलो, अकरा-शून्य. डावा डोळा काळानिळा झाला आहे, पण डोळ्यात हाड नसतं, एवढं आईला समजावून सांग. एक हाड मोडलं की कॉलेज बंद आणि थेट शेतावर, हीच तिची अट ना? माझं हे शेवटचं वर्ष आहे, ताई. सांभाळून खेळतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना आमचा फार्ली आधी डोकं घालतो, मी घालत नाही. म्हणूनच सारं कॉलेज त्याला ओळखतं, मला नाही.

दोन नाताळ हुकले, यंदाचा नाही. बटाट्याची लेफ्सं मात्र आईलाच लाटू दे. तुझी पट्टीनं मोजल्यासारखी गोल होतात आणि चवीलाही पट्टीसारखीच लागतात.

तारयंत्रावरची टकटक थांबली की दोन ओळी लिही. लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.

तुझा,
हाल्वर


एल्म क्रॉसिंग स्टेशन
१५ नोव्हेंबर १९०८

चि. हाल्वर यास रॅग्नाचे अनेक आशीर्वाद.

सहा सामने, चार जिंकले, एक बरोबरीत, एक हरला. तू कळवलेस तीन. बाकीचे मला तारेवरून कळले.

सव्वीस तारखेला थँक्सगिव्हिंगचा सण, त्या दिवशीच्या सामन्याची तार थेट आमच्या स्टेशनला जोडणार आहेत. मैदानावरचा तारवाला प्रत्येक चाल पाठवील आणि मी ती प्रतीक्षालयात मोठ्यानं वाचायची. आई येणार आहे. इंग्रजी येत नाही तर बसून काय करशील, असं मी विचारलं. ती म्हणाली, हाल्वरचं नाव तर कळेल.

तेव्हा जपून खेळ. येईल ते मी वाचीन. चार वर्षांत मी एकाही तारेतला शब्द बदललेला नाही.

वरची खोली झाडून ठेवली आहे. नाताळला चाळीस दिवस आहेत. मुद्दाम मोजले नाहीत, कॅलेंडर समोरच टांगलेलं असतं.

प्रकृतीस जपावे, लोभ आहेच.

रॅग्ना


हार्लन फॉल्स
३० नोव्हेंबर १९०८

ती. ताईस सा. न. वि. वि.

एका गुणानं हरलो, हे तू आमच्या गावाआधी ऐकलं असशील. उत्तरार्धाच्या पाचव्या मिनिटाला माझं गळ्याजवळचं डावं हाड मोडलं. उचलून बाहेर नेलं. एकदा बाहेर गेलेल्याला परत खेळता येत नाही. हात छातीशी बांधला आहे, सहा आठवडे हलवायचा नाही.

शेतावर परतायचं म्हणून मी ट्रंक भरायला घेतली होती, तोच आईचं पत्र आलं. पोरगा शेवटच्या शिट्टीपर्यंत उभा राहिला म्हणून देवाचे आभार, आणि शेवटच्या तीन पकडींबद्दल शाबासकी. ताई, त्या तिन्ही फार्लीच्या. तू वाचलंस तरी काय?

पत्राची वाट पाहतो. लोभ कमी करू नकोस.

हाल्वर


एल्म क्रॉसिंग स्टेशन
३ डिसेंबर १९०८

चि. हाल्वर यास अनेक आशीर्वाद.

तार होती ती अशी: रुड जखमी, बाहेर नेले. आई पहिल्या बाकावर विणत बसली होती, शेजारची बाई तिला एकेक चाल नॉर्वेजियनमध्ये सांगत होती. आपलं आडनाव आलं की तिच्या सुया थांबत. त्या थांबल्या. मी वाचलं, रुडनं गडी अडवला. सुया पुन्हा चालू झाल्या. पुढे नाव आलंच नसतं तर तिनं विचारलं असतं, म्हणून फार्लीच्या तीन पकडी तुझ्या नावावर वाचल्या. गुण एकही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं. स्टेशनमास्तरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून खणात ठेवलं. आईपर्यंत काही पोचलेलं नाही. ट्रंक रिकामी कर.

सहा आठवडे सात जानेवारीला पुरे होतात. नाताळ त्याआधी तेरा दिवस येतो. बांधलेला हात घेऊन येता येणार नाही, तेव्हा येऊ नकोस. अभ्यासाचं कारण लिही, आईला पटेल.

जे आलं होतं तेच वाचलं असतं, तर तू आत्ता वरच्या खोलीत असतास. हे मला वाचण्याआधीच कळलं होतं. तेवढा क्षण मी अडले, लोकांना वाटलं, तार मध्येच थांबली.

लेफ्सं डब्यातून पाठवते आहे. मीच लाटली आहेत. नाताळला आई तुझं ताट मांडील. मांडू नकोस, असं मी तिला सांगणार नाही.

उजवा हात मोकळा आहे तुझा. लोभ असू दे, आणि लिहीत जा.

रॅग्ना