अचूक पन्नास

३ ऑक्टोबर, नागभीड
आजपासून फ्रिक्वेन्सी काउंटर. विजेच्या कुठल्याही सिग्नलचे सेकंदाला किती ठोके पडतात, ते आकड्यात दाखवणारं यंत्र. घरी बनवणार. रेंज एक हर्ट्झ ते एक गिगाहर्ट्झ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. पंधरा दिवस पुरेत. ज्योत्स्ना म्हणाली, "अवो, आधी मिक्सर तं जोडा." बायकोला रेंजची कल्पना नाही.

९ ऑक्टोबर, सकाळी ७
सोल्डर करताना क्रिस्टल भाजला. काउंटरचा सेकंद त्याच्यावर ठरतो. पण उत्तम आयडिया सुचली. घरच्या लाइनमध्ये सेकंदाला पन्नास ठोके असतातच. प्लगमधून येणारे पन्नास ठोके मोजले, की एक सेकंद झाला. क्रिस्टलची गरजच काय?

१६ ऑक्टोबर
रेंज तूर्त शंभर मेगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झ नागभीडमध्ये लागतो कोणाला?

२१ ऑक्टोबर
एफएम मोजला. आठही शून्यं. रेडिओ खराब असावा. मग घरची लाइन मोजली. ००००००५०. दिवसभरात एकदाही हललं नाही. इतका अचूकपणा! खरी प्रॅक्टिकल रेंज पन्नास हर्ट्झचीच.

४ नोव्हेंबर
दिव्यानीचा फोन. धाकटी बहीण. कुरखेड्याजवळच्या तिच्या गावात अकरा बायकांच्या गटाने धानाची गिरणी टाकली आहे; पहिलाच हंगाम, आणि गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. गिरणी भाड्याच्या जनरेटरवर चालू आहे, पण मोटर तापते. "भाऊ, तू येऊन पाह्य ना. बायकाइले मी भरोसा देऊन बसली आहो."
जनरेटर हळू चालला, ठोके पन्नासच्या खाली गेले, तर मोटर जळू शकते. हे मोजायला तालुक्यात माझ्याशिवाय कोण?

६ नोव्हेंबर, गिरणी
दुसरी वीज नाही, म्हणून काउंटरचा प्लग जनरेटरलाच लावला आणि जनरेटर मोजला. ००००००५०. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जनरेटरसोबत आलेला मेकॅनिक झिंगू म्हणाला, "काकाजी, इंजिन सुस्त चालून राह्यलं. रेस वाढवू का?" कानाने मोजणारी माणसं! मी आकड्याकडे बोट दाखवलं. "मंग मोटर काऊन पोळते?" दिव्यानीने विचारलं. नवी मोटर सुरुवातीला तापतेच, असं सांगितलं. झिंगूने परत हात लावू नये म्हणून रेसची दांडी तारेने बांधून टाकली. सोमारीबाई गटात सगळ्यात वयस्क. म्हणाल्या, "दिव्यानीचा भाऊ आला, आता फिकर नाई."

८ नोव्हेंबर
अजून इथेच. दर तासाला रीडिंग: पन्नास. मोटरवर हात ठेववत नाही. जळका वास येतो, कोंड्याचा असावा. दिव्यानी म्हणाली, "एकदा झिंगूचं ऐकून तं पाह्य." मी म्हणालो, आकडा बघ.

९ नोव्हेंबर, दुपारी २
धूर. मोटर जळाली. अडतीस पोती धान पडून आहे. काउंटरवर पन्नास.

१० नोव्हेंबर
झिंगूने तार सोडली आणि नुसता जनरेटर चालवून पाहिला. दांडी ढिली केली. इंजिन रडायला लागलं. पन्नास. दांडी ओढली, गिरणीचे पत्रे थरथरले. पन्नास. माझ्या लक्षात आलं होतं, पण बोलला झिंगूच. "काकाजी, तुमचा सेकंद बी याच जनरेटरचा आहे न? हा सुस्तावला का सेकंद बी लांबते. मंग ते डबडं दुसरं काय सांगन?"
घरी वेगळी परिस्थिती होती, असं काहीतरी म्हणालो. घरीही तेच होतं.
बायकांनी पोती ट्रॅक्टरवर चढवली, व्यापाऱ्याच्या गिरणीत न्यायला. सोमारीबाई जाताना दिव्यानीला म्हणाल्या, "तूनं सांगतलं म्हणून आमी थांबलो होतो, बाई."

११ नोव्हेंबर
मोटर वडशाला रिवाइंडिंगला गेली. मी काही करू का, विचारलं. दिव्यानी म्हणाली, "पाटी लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे." पुठ्ठ्यावर लिहिलं: गिरणी बंद आहे. खाली सुरू होण्याची तारीख टाकू का, विचारलं.
"नाई," ती म्हणाली. "भाऊ, आता तू आकडा नको टाकू."